हिरव्या पाण्यात कोण राहते?

उन्हाळा चढू लागला की उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी हिरवे पडते. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तवंग साचतो, त्याची जाड पुटे चढतात आणि ती कुजू लागली की दुर्गंधी सुटते. सह्याद्री ओलांडून पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलात, तर कातळातल्या डबक्यांत पाणी इतके नितळ असते की तळाचा जांभा स्पष्ट दिसतो. सूक्ष्म शैवाले दोन्ही ठिकाणी आहेत, पण त्यांची कुळे निराळी. उजनीच्या तवंगात ज्या शैवालाचे राज्य असते त्याला सड्यावरच्या पाण्यात पोटभर मिळत नाही आणि सड्यावरची नाजूक शैवाले उजनीत तग धरत नाहीत.

शैवालांचे बीजाणू आणि पेशी सगळीकडे पोहोचत असतात. वाऱ्यासोबत, पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून, गुरांच्या अंगावरच्या चिखलातून त्यांचा प्रवास चालूच असतो. आलेल्यांपैकी कोण वाढेल आणि कोण मरेल, हे मात्र त्या पाण्यातला उजेड, उष्णता, आम्लता, नत्र, स्फुरद आणि पाण्याची हालचाल ठरवतात. म्हणून एखाद्या तळ्यात कोणती शैवाले राहतात हे कळले की त्या तळ्यात काय काय येऊन मिसळते, हेही बरेचसे कळते. या प्रकरणात आपण ही ओळख टप्प्याटप्प्याने करून घेणार आहोत.

आधी डोळे, मग काठी

सूक्ष्मदर्शक नंतर. काठावर उभे राहूनच निम्मे काम होते. पाण्यावर हिरवे काही दिसले की त्यात एक काठी फिरवून वर उचला. लांब हिरवे धागे काठीला लोंबू लागले तर ते तंतुमय शैवाल. हाताला बुळबुळीत, रेशमी लागले तर बहुधा स्पायरोगायरा किंवा त्याचे भाऊबंद. खरखरीत, कापसाच्या पिंजलेल्या गुंत्यासारखे लागले तर क्लॅडोफोरा किंवा पिथोफोरा. काठीला काहीच धाग्यासारखे अडकले नाही, नुसता हिरवा रंग लागला किंवा बारीक हिरवे कण चिकटले, तर पाण्यात तरंगणारी एकपेशीय किंवा वसाहती करून राहणारी शैवाले आहेत. आणि काठीला इवलीशी पाने आली, त्यांना खाली केसासारखी मुळे दिसली, तर ते शैवालच नाही. ती डकवीड किंवा अझोला आहे.

दुसरी परीक्षा काचेच्या बरणीची. पारदर्शक बरणी पाऊण भरून घ्या आणि काही तास न हलवता सावलीत ठेवा. हिरवे कण वर येऊन काठाशी कडे धरू लागले, तर नीलहरित शैवालाचा दाट संशय घ्यावा. त्यातल्या अनेकांच्या पेशींत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या त्यांना वर उचलतात. पाणी तसेच हिरवे राहिले किंवा हिरवा थर तळाशी बसू लागला, तर बहुधा हरित शैवाले आहेत. तपकिरी-सोनेरी गाळ बसला तर डायटम असू शकतात.

रंगही बोलतो, पण एकटा रंग फसवतो. तळ्याचे पाणी सकाळी हिरवे आणि भर उन्हात विटकरी लाल होत असेल, तर ती युग्लिना सँग्विनियाची करामत असते. या शैवालाच्या पेशीत लाल रंगद्रव्य असते. ऊन तीव्र झाले की ते पेशीभर पसरून हरितद्रव्याला झाकते आणि ऊन उतरले की पुन्हा मध्यभागी गोळा होते. गुरांचे शेण पडणाऱ्या गावतळ्यांत आणि खत घातलेल्या मत्स्यतळ्यांत हा प्रकार पाहायला मिळतो.

नमुना कसा घ्यावा

तरंगणाऱ्या शैवालांसाठी २० मायक्रॉन छिद्रांच्या कापडाची जाळी वापरतात. ती नसेल तर एक लिटर पाणी बाटलीत रात्रभर ठेवून तळाचा थोडा भाग घेतला तरी पुष्कळ मिळते. वर तवंग आला असेल तर त्यातलाही थेंब घ्यावा. दगडावरच्या डायटमसाठी प्रवाहातला बुडालेला दगड उचलून त्याचा वरचा पृष्ठभाग दातांच्या जुन्या ब्रशने घासतात आणि तो तपकिरी धुवण बाटलीत धरतात. पाणवनस्पतींच्या पानांना आणि देठांना चिकटून राहणारी शैवाले हवी असतील, तर ती वनस्पती मुठीत पिळून पाणी घ्यावे. सड्यावरच्या आणि दलदलीच्या पाण्यात हीच रीत सर्वांत फलदायी ठरते.

बाटली काठोकाठ भरू नये. आतल्या जिवांना हवा लागते. बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि पाण्याचे तापमान लगेच लिहावे. नमुना त्याच दिवशी जिवंत पाहावा, कारण हालचाल आणि खरा रंग ही ओळखीची दोन मोठी साधने मेलेल्या नमुन्यात उरत नाहीत. साठवायचा भाग वेगळा काढून त्यात फिक्या चहाचा रंग येईपर्यंत लुगॉलचे आयोडीन घालतात.

आणखी एक नोंद तिथेच करता येते. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची तबकडी वापरतात. दोरीला बांधून ती सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. पाणी गढूळ नसताना ही खोली कमी होत गेली, की शैवाले वाढत आहेत असे समजावे.

भिंगाखाली चार प्रश्न

१६७४ साली डेल्फ्टच्या अँटनी व्हान लेव्हेनहूकने जवळच्या सरोवराचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले आणि त्यातल्या हिरव्या, नागमोडी वळलेल्या पट्ट्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तो बहुधा स्पायरोगायरा होता. आज शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाने, ४०० पट वर्धन करून, त्याच्यापेक्षा कितीतरी सहज पाहता येते. मनू प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठे दाखवतो आणि तोही सुरुवातीला पुरतो.

प्रजातीपर्यंत जाणे तज्ज्ञांचे काम आहे. आपण कुळापर्यंत, म्हणजे जिनसपर्यंत, पोहोचलो तरी पाण्याविषयी पुष्कळ कळते. त्यासाठी दर पेशीला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: रंग पेशीभर सारखा पसरला आहे की ठरावीक तुकड्यांत आहे? रंग एकसारखा, निळसर हिरवा आणि आत केंद्रक किंवा हरितलवक काहीच दिसत नसेल, तर ते नीलहरित शैवाल. खरे तर हे जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, यांच्याच पूर्वजांमुळे. मायक्रोसिस्टिसच्या बारीक गोल पेशी चिकट द्रावात गोळा होऊन वेड्यावाकड्या आकाराच्या वसाहती करतात आणि वायूच्या पोकळ्यांमुळे काळपट दिसतात. ऑसिलेटोरियाचे सरळ धागे स्थिर पाण्यातही हळूहळू सरकतात आणि टोके झुलवतात. ॲनाबिनाची माळ पाहताना मध्येच एखादी जाड भिंतीची, फिकी, रिकामी वाटणारी पेशी दिसते. तिला हेटेरोसिस्ट म्हणतात. हवेतले नत्र बांधणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून ते काम या बंदिस्त पेशीत चालते. पाण्यात नायट्रेट मुबलक असेल तर अशा पेशी फारशा तयार होत नाहीत. माळेत त्या वरचेवर दिसल्या, तर त्या पाण्यात नत्राची टंचाई आहे, एवढे निदान एका थेंबावरून करता येते.

दुसरा प्रश्न: भिंत कशाची आहे? सोनेरी-तपकिरी रंग, काचेसारखी चकाकणारी भिंत आणि तिच्यावर काटेकोर रेघा दिसल्या तर तो डायटम. मराठी विश्वकोशात यांना करंडक वनस्पती म्हटले आहे. सिलिकाची भिंत दोन भागांची असते आणि कुंकवाच्या करंड्याचे झाकण खालच्या भागावर बसावे तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. सायक्लोटेला वरून गोल दिसतो, तर नॅव्हिक्युला होडीच्या आकाराचा असून स्वतःहून सरकतो. दगडावरून खरवडलेल्या थेंबात नॅव्हिक्युला एका दिशेने सरकत जातो, क्षणभर थांबतो आणि वळण न घेता तसाच उलटा मागे येतो. त्याच्या भिंतीला लांबट फट असते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या चिकट द्रावाच्या आधाराने ही चाल चालते.

तिसरा प्रश्न: पोहते का आणि कसे? युग्लिना शेपटासारख्या कशाभिकेने पोहते, अंग आखडते, लांबवते आणि तिच्या टोकाशी लाल ठिपका असतो. क्लॅमिडोमोनासला दोन सारख्या कशाभिका असतात. व्हॉल्व्हॉक्सचा पोकळ हिरवा गोल गिरक्या घेत पुढे जातो. तो नुसत्या डोळ्यांनाही टिपक्याएवढा दिसतो. सिरॅशियमला चिलखतासारखे कवच आणि लांब शिंगे असतात.

चौथा प्रश्न आयोडीनला विचारायचा. काचेच्या कडेला आयोडीनचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढायचे. पेशीत काळपट निळे डाग उमटले तर आत स्टार्च आहे आणि हिरव्या रंगाच्या पेशीत ते उमटले तर ते हरित शैवाल असण्याची शक्यता मोठी. युग्लिना गर्द हिरवी असूनही तिच्यात डाग उमटत नाहीत, कारण ती वेगळ्याच पदार्थाच्या रूपात अन्न साठवते. हरित शैवालांत मग आकारावरून पुढे जाता येते. स्पायरोगायराच्या हरितलवकाचे वेटोळे असते, सेनेडेस्मसच्या चार-चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या असतात, पेडियास्ट्रमची चपटी दातेरी चकती असते. क्लोस्टेरियम चंद्रकोरीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या पोकळीत बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. ते एकदा पाहिले की हे शैवाल पुन्हा कधी चुकत नाही.

आकारावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. पाण्यात डाफ्निया, म्हणजे पाणपिसू, वाढल्या की त्यांनी सोडलेल्या रसायनांची चाहूल लागून एकेकटा राहणारा सेनेडेस्मस वसाहती करू लागतो, कारण मोठा घास डाफ्नियाला गिळता येत नाही. प्रयोगशाळेत हे दाखवून तीसहून अधिक वर्षे झाली.

कोणाला काय मानवते

डायटमना भिंतीसाठी विरघळलेली सिलिका लागते, त्यांना थंड आणि घुसळले जाणारे पाणी मानवते. पाणी संथ झाले की जड भिंतीमुळे ते तळाशी बसतात. हरित शैवालांना भरपूर उजेड, मध्यम ते अधिक उष्णता आणि बऱ्यापैकी पोषकद्रव्ये लागतात. त्यांतला डेस्मिडांचा गट, म्हणजे क्लोस्टेरियम, कॉस्मॅरियम, मायक्रॅस्टेरियस वगैरे, बहुतांशी मऊ, किंचित आम्ल, कमी पोषकद्रव्यांचे पाणी पसंत करतो. सड्यावरची डबकी पावसाच्या पाण्याने भरतात आणि जांभ्यातून क्षार फारसे विरघळत नाहीत, म्हणून तिथे डेस्मिड शोधावेत. देशावर काळ्या पाषाणातून आलेले पाणी कठीण आणि अल्कधर्मी असते, तिथे त्यांचे प्रकार कमी आढळतात.

युग्लिना आणि तिच्या नातलगांना कुजणारे सेंद्रिय द्रव्य हवे असते. नीलहरित शैवालांना २५ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता, अल्कधर्मी आणि संथ पाणी मानवते. तळे संथ असले की मायक्रोसिस्टिस वर येऊन उजेड अडवतो आणि खालच्यांना अंधारात ठेवतो.

आता देशावरच्या एखाद्या उथळ तळ्याचे वर्ष पाहा. पावसाळ्यात गढूळ लोंढे येतात, उजेड आत शिरत नाही आणि शैवाले वाहून जातात. नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला गाळ बसतो, पाणी निवळते. हिवाळ्यात डायटम जोर धरतात. फेब्रुवारीनंतर पाणी आटू लागते, तापते, पोषकद्रव्यांची तीव्रता वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये नीलहरित शैवालांना मोकळे रान मिळते.

दाट हिरव्या पाण्याचे रोजचे चक्रही असेच टोकाचे असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, पीएच ९ च्या वर चढतो, ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त होतो. रात्री तीच शैवाले श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतात आणि पहाटे तो नीचांकाला येतो. तळ्यातले मासे एका रात्रीत मेले की विष टाकल्याचा संशय घेतला जातो. अनेकदा कारण पहाटेचा हा तुटवडाच असतो. म्हणून ऑक्सिजनची मोजणी दुपारी एकदा करून भागत नाही, ती सूर्योदयाआधीही करावी लागते.

स्फुरदाचा हिशेब

या सगळ्यात खरी किल्ली कोणाच्या हाती आहे, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाचे तळे १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी पडदा लावून मधोमध दुभागले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद मिळालेला भाग नीलहरित शैवालाने हिरवागार झाला, दुसरा जवळजवळ होता तसा राहिला. विमानातून घेतलेले या तळ्याचे छायाचित्र जगभर पोहोचले आणि धुण्याच्या पावडरींतले फॉस्फेट कमी करण्याच्या कायद्यांना त्यातून बळ मिळाले.

नत्राचेही महत्त्व आहेच, आणि काही तळ्यांत नत्र व स्फुरद दोन्ही आवरावे लागतात. पण नत्र कमी पडले तर ॲनाबिनासारखी शैवाले ते हवेतून मिळवतात. भातखाचरांत ही देणगी शेतकऱ्याच्या कामी येते, पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले की खाचरातल्या नत्राच्या भरपाईत नीलहरित शैवालांचा वाटा असतो. स्फुरदाला मात्र हवेतली वाट नाही. ते खडकातून, खतातून, सांडपाण्यातून आणि साबणातून येते. उजनीच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. मुळा, मुठा आणि पवनेचे पाणी भीमेतून धरणात येते. त्या हिरव्या रंगाचे मूळ धरणात शोधून सापडणार नाही, ते वरच्या नाल्यांत आहे.

तवंगातले विष

मायक्रोसिस्टिस आणि काही इतर नीलहरित शैवाले यकृताला घातक असलेली मायक्रोसिस्टिन ही विषे तयार करू शकतात. प्रत्येक तवंग विषारी नसतो, पण कोणता आहे हे डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभराच्या वापरासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातल्या अशाच तवंगामुळे जवळपास तीन दिवस नळाचे पाणी वापरू नका, असे सांगावे लागले.

इथे एक गोष्ट घराघरात माहीत हवी: पाणी उकळल्याने हे विष जात नाही. उलट पेशी फुटून आतले विष पाण्यात येते. मोरचूद टाकून शैवाल मारल्यावरही तेच होते. तवंग दिसला तर त्या काठावर गुरांना पाणी पाजू नये, मुलांना पोहू देऊ नये, कुत्र्यांना उतरू देऊ नये.

यादी काय सांगते

मर्व्हिन पामर यांनी १९६९ साली सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या २० शैवाल-कुळांना गुण देऊन एक सोपा निर्देशांक मांडला. युग्लिनाला ५, सेनेडेस्मसला ४, नॅव्हिक्युलाला ३, क्लोस्टेरियमला १. नमुन्यात पुरेशा संख्येने सापडलेल्यांच्या गुणांची बेरीज २० किंवा त्याहून अधिक झाली, तर तीव्र सेंद्रिय प्रदूषण समजावे. रासायनिक तपासणी त्या क्षणीच्या पाण्याची हकिकत सांगते. शैवालांची यादी गेल्या काही दिवसांची किंवा आठवड्यांची सांगते, कारण तिथे वाढायला त्यांना तेवढा काळ लागलेला असतो.

अशा याद्यांची परंपरा आपल्याकडे आहे. मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांनी भारतातल्या शैवालशास्त्राचा पाया घातला. टी. व्ही. देसिकाचारी यांचा नीलहरित शैवालांवरचा ग्रंथ १९५९ साली आला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळ्याच्या पाण्यातले डायटम चित्रांसह नोंदवले. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालते. तेव्हाच्या आणि आजच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की सत्तर वर्षांत त्या पाण्यांचे काय झाले, हे तपासता येते. ज्या तळ्याची जुनी यादीच नाही, त्याचे काय बिघडले हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना, एक विनंती आहे. आपल्या गावचे एक तळे, बंधारा किंवा शेततळे निवडा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जा. पाण्याचा रंग, तापमान आणि तबकडी दिसेनाशी होण्याची खोली लिहा, बरणीची परीक्षा करा, एका थेंबात दिसलेल्या शैवालांची चित्रे काढा. वर्षभराची अशी वही तयार झाली की ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत घेऊन जा आणि तळ्याला मिळणारा नाला आधी अडवायला सांगा. तळ्यात औषध टाकण्याचा खर्च त्यानंतर बहुधा करावा लागणार नाही.